पायथ्याच्या गावाचा अभिप्राय

कादंबरीवर परीक्षणं येतात, कवितासंग्रहाला निदान कवीचे मित्र असतात. किल्ल्याची वाट सांगणाऱ्या किंवा एखाद्या तालुक्याचा इतिहास मांडणाऱ्या पुस्तकाला मराठीत वर्षानुवर्षं मिळत आली ती साभार पोच. मासिकाच्या मागच्या पानात, बारीक टाइपात, नाव, लेखक, पृष्ठं, किंमत. संपलं. ज्या संपादकाच्या टेबलावर पुस्तक पडायचं त्याला कोथळीगड कुठल्या बाजूला आहे हे ठाऊक नसायचं, आणि ज्याला ठाऊक असायचं त्याला कुणी लिहायला सांगत नसे. आता पुस्तक घरपोच येतं आणि मागोमाग विक्रेता विचारतो, कसं वाटलं? ज्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं ते वाचक लिहू लागले आहेत. ते जे लिहितात त्याला परीक्षण म्हणायचं का, यावर माझ्या ओळखीच्या एका मामा-भाचीचं अजिबात जमत नाही.

मामा माझा जुना मित्र. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होता. मावळ-मुळशीच्या डोंगरात मोजणीची साखळी ओढण्यात त्याची नोकरी गेली. घरात किल्ल्यांची आणि गावांची पुस्तकं भिंतभर. भाची एका प्रकाशनसंस्थेत आहे. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढणं हे तिचं काम, त्यामुळे वाचकांनी लिहिलेलं बरंवाईट सगळं तिला वाचावंच लागतं. दोघांचं बोलणं ऐकलं तसं देतो. मधेमधे माझी लुडबुड आहे.

मामा : परवा तूच वाचून दाखवलंस. एकानं पाच तारे दिले. का? तर पुस्तक दोन दिवसांत आलं. दुसऱ्यानं एकच दिला, कारण कोपरा दुमडलेला होता. तिसऱ्याला चित्रं रंगीत हवी होती. हे पुस्तकाचं परीक्षण की टपालाचं?

भाची : ते सोडूनच द्यायचं असतं, मामा. मेथी निवडताना काड्या बाजूला टाकतोच ना आपण? पण त्याच ढिगात वासोट्याबद्दल लिहिलेलं होतं, ते विसरलात.

मामा : काय होतं त्यात?

भाची : आमच्या पुस्तकातलं वासोट्याचं पान जुनं. गडावर मुक्काम करावा, असं लेखकानं छान रंगवून लिहिलेलं. एका बाईंनी लिहिलं, की बामणोलीहून बोटीनं शिवसागर ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचं. वर राहू देत नाहीत. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं, तेव्हा गट करून जा. खाली महिना आणि वर्ष. लेखक गडावर गेले तेव्हा तिथे व्याघ्र प्रकल्प नव्हता, तो 2010 मध्ये झाला. यात लेखकाचा काय दोष? पण कुणीतरी सांगायला हवं होतं, ते त्या बाईंनी सांगितलं. तारे किती दिले होते ते मी पाहिलंसुद्धा नाही.

मामा : ती झाली दुरुस्ती. दुरुस्ती प्रकाशकाला कळवायची असते. पान क्रमांक द्यायचा, मजकूर द्यायचा, खाली सही करायची. चारचौघांत कशाला?

भाची : कारण पुढच्या शनिवारी निघणाऱ्या पोरांना आमच्या पुढच्या आवृत्तीची वाट बघत बसता येत नाही. ती निघेल कधी? आधीची संपली की. आधीची संपायला वर्षं जातात. तुम्ही लेखकाशी बोलायचं म्हणताय, त्या बाई मागून येणाऱ्याशी बोलत होत्या.

मामा : मागून येणाऱ्याशी बोलायचं म्हटलं की लेखकाची अब्रू काढायला सगळे मोकळे. शहराचं नाव जुनंच छापलंय म्हणून एकानं लेखकाला फैलावर घेतलेलं मी वाचलं. छत्रपती संभाजीनगर हे नाव शहराला लागलं 2023 मध्ये, पुस्तक त्याच्या आधीचं. आवृत्तीचं वर्ष बघायची तसदी नाही आणि निवाडा द्यायची घाई!

(इथे मला राहवलं नाही. मागून येणाऱ्याशी बोलण्याची ही रीत आजची नाही. लंडनच्या जॉन मरे यांच्या प्रवासपुस्तिका एकोणिसाव्या शतकात साहेबाच्या सामानात असायच्याच. मद्रास आणि मुंबई इलाख्यांची त्यांची पुस्तिका निघाली 1859 मध्ये. चुका आणि भर प्रवाशांनी कळवावी अशी विनंती मरेच्या पुस्तिकांत छापलेली असे, आणि आलेली पत्रं पुढच्या आवृत्तीत मुरवली जात. ताऱ्यांचं म्हणाल तर ते जर्मनीच्या कार्ल बेडेकर यांनी रूढ केले. आपल्या लोणच्यावाल्या बेडेकरांशी त्यांचं काही नातं नाही. त्यांच्याही आधी मरियाना स्टार्क नावाच्या बाई इटलीतल्या चित्रांपुढे उद्गारचिन्हं टाकत, चित्र जितकं थोर तितकी चिन्हं जास्त. म्हणजे तारे द्यायचा तो लेखक, तेही स्वतः पाहिलेल्या जागेला. आता वाचक देतो, लेखकाला.)

मामा : हेच तर! बेडेकर तिथे उभा राहिला होता. आजचा तारेवाला कुठे उभा असतो? सोफ्यावर.

भाची : सोफ्यावर वाचू नये असं कुठे आहे? गोनीदांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ तुम्ही किती वेळा घरात बसून वाचलंय?

मामा : ते वेगळं. ते पुस्तक घरात वाचायचंच आहे. पण त्यालाही कुणी तरी लिहितोच, की गडावर कसं जायचं याची माहिती नीट दिलेली नाही. अरे बाबा, वाट हवी तर आनंद पाळंद्यांचं ‘डोंगरयात्रा’ घे. एक माणूस गडावर राहून आल्यावर काय वाटलं ते सांगतोय, दुसरा कुठल्या सोंडेनं चढायचं ते सांगतोय. दोघांना एकाच तागडीत घालायचं?

भाची : ती चूक वाचकाची कमी आणि आमची जास्त. आम्हीच दोन्ही पुस्तकं ‘पर्यटन’ म्हणून एका कप्प्यात कोंबतो. मुखपृष्ठावर धुक्यातला बुरुज, मागे ‘प्रत्येक भटक्याच्या संग्रही असावे असे’. वाचकानं ओळखायचं कसं?

मामा : पहिल्या दहा पानांवरून.

भाची : विकत घेतल्यावर.

(भाचीचा हा मुद्दा मला पटतो. वाचकानं लिहिताना मी हे पुस्तक कशासाठी घेतलं एवढं एक वाक्य आधी टाकलं तर निम्मी भांडणं मिटतील. ‘वाट शोधायला घेतलं, वाट मिळाली नाही’ ही लेखकाची निंदा होत नाही. ती एक माहिती आहे आणि दुकानात उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला ती पुरते.)

मामा : बरं, वाटेचं सोड. वाट चुकली तर माणूस चढून बघतो आणि परत येतो. इतिहासाचं काय? तिथे वाचक काय तपासणार? ‘लेखकाचे सखोल संशोधन पानोपानी जाणवते’ असं लिहितात. पानोपानी कॅम्बेलसाहेबाचं गॅझेटिअर असतं! कुलाब्याचा खंड 1883 चा, पुण्याचे भाग 1885 चे. त्यातलं उचलायचं, मराठीत उतरवायचं, मधे एक आख्यायिका घालायची की झालं संशोधन. पुढचा लेखक याच्यावरून उतरवतो, त्याच्या पुढचा त्याच्यावरून. चूक असली तर तीसुद्धा वारशानं येते.

भाची : सामान्य वाचकाला गॅझेटिअर कुठून माहीत असणार?

मामा : माहीत नसू दे. एक प्रश्न तर विचारता येतो, आधार काय? नाणेघाटाचं उदाहरण घे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. प्रत्येक पुस्तकात लिहिलंय, की जकातीची नाणी यात टाकत. तिथल्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. त्यात यज्ञ आहेत आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी आहेत. जकातीच्या रांजणाचा त्यात पत्ता नाही. जुन्नरहून कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग, तेव्हा जकात घेतही असतील. रांजण तिच्यासाठी असेलही. पण ‘असे सांगतात’ आणि ‘असे होते’ यांत मोजणीच्या नकाशावर मैलाचं अंतर पडतं, बयो. हे ज्या वाचकानं लिहिलं त्याला मी परीक्षक म्हणेन. दाखव मला एक.

भाची : दाखवते. सिंहगडाच्या पानावर एकानं लिहिलं होतं, की तानाजी मालुसऱ्यांच्या लढाईवरून गडाला हे नाव पडलं असं लेखक म्हणतात, पण लढाई 1670 ची आणि सिंहगड हे नाव 1663 च्या शिवाजी महाराजांच्या पत्रात आलेलं आहे. सभ्य भाषेत, वर्षांसकट. त्याच्या खाली काय उत्तरं आली ठाऊक आहे? तू कोण मोठा शहाणा, तुला काय कळतं, महाराजांबद्दल बोलायची तुझी लायकी काय. तो महाराजांचंच पत्र दाखवत होता, मामा!

मामा : बघ, तू माझीच बाजू मांडतेस.

भाची : मुळीच नाही. तुमचं म्हणणं आहे की असा वाचक नसतोच. माझं म्हणणं आहे की असतो, फक्त त्याला हाकलून लावतात. त्याचं लिहिणं आम्ही लेखकाकडे पाठवलं. नव्या आवृत्तीत शुद्धिपत्र जोडतोय, त्यात हा मजकूर त्या वाचकाच्या नावानं जाईल. गोव्याचंही तसंच. पर्यटनाच्या पुस्तकात किनारे आणि जुन्या गोव्यातली चर्च पानंच्या पानं, तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दीड ओळीत. हे लेखकाला कुणी सांगितलं? तिथल्या वाचकांनी. परीक्षकांनी नाही, परीक्षक नव्हतेच.

मामा थोडा वेळ गप्प. मग त्यानं विषय आपल्या मुलखात ओढला.

मामा : स्थानिक इतिहासाची पुस्तकं तू काढतेस ना? गावांची?

भाची : काढते. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर येणारे अभिप्राय मला नकोसे होतात. दोनच प्रकार. एक म्हणजे ‘अप्रतिम, प्रत्येक गावकऱ्याने वाचावे’. लिहिणाऱ्याच्या आजोबांचा फोटो आत पान बत्तीसवर असतो. दुसरा म्हणजे ‘आमच्या घराण्यावर अन्याय’. पाटीलकी आमची होती, देवळाचा मान आमचा होता, पालखीला पहिला खांदा आमचा, आणि लेखकानं तो दुसऱ्यांचा लिहिला. वर निरोप येतो, पुढच्या आवृत्तीत आमचं घाला, शंभर प्रती घेतो. अशी पुस्तकं निघतात ती गावाच्या वर्गणीवर, त्यामुळे मोह होतोच. अशा माणसाच्या ताऱ्यांना काय किंमत द्यायची?

मामा : इथे तू चुकतेस.

(मला वाटलं होतं मामा टाळी देईल. तो खुर्चीत पुढे सरकला.)

मामा : अन्याय झाला म्हणणारा माणूस मला हवाच. नोकरीत मी हेच पाहिलं. हद्दीचा दगड कुठे होता हे गावात सगळ्यांत बरोबर कुणाला माहीत असतं? ज्याचं त्यावरून भांडण आहे त्याला. तो घरात जाऊन फडक्यात बांधलेला रुमाल घेऊन येतो. त्यात काय काय असतं! जुनी पावती, वाटणीपत्र, एखादी मोडीतली सनद. तो खरं बोलतो असं मी म्हणत नाही. पण त्याच्याकडे कागद असतो. ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याकडे काय असतं? तू त्याला उलट लिही, की प्रती नकोत, रुमाल दाखवा.

भाची : रुमाल म्हटलं की निम्मे गप्प होतात.

मामा : होऊ देत. उरलेल्या निम्म्यांत तुझं पुढचं पुस्तक आहे.

भाची : आणि ज्यांच्याकडे रुमाल कधी नव्हताच, त्यांचं काय? पाटलाकडे सनद असते. गावकुसाबाहेरच्याकडे काय असणार? कागद मागितला की इतिहास पुन्हा त्याच चार वाड्यांचा होतो.

मामाकडे याला उत्तर नव्हतं, आणि नाही हे त्यानं लपवलंही नाही. जमिनीच्या कागदांत आयुष्य काढलेल्या माणसाला ही अडचण सगळ्यांत आधी कळते. मग त्यानं कपाटातून ना. गो. चापेकरांचं ‘आमचा गाव : बदलापूर’ काढलं. 1933 चं पुस्तक. सबजज्ज म्हणून निवृत्त झालेला माणूस आपल्या गावात बसतो आणि शेती, धंदे, जाती, चालीरीती, लोकांचं बोलणं टिपत जातो. पुढच्याच वर्षी चापेकर बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गावाबद्दल मराठीत त्याआधी त्रि. ना. आत्र्यांचं ‘गावगाडा’ 1915 मध्ये आलं होतं, पण ते सगळ्या गावांबद्दल होतं. चापेकरांनी एकच गाव धरलं.

मामा : याला आज कुणी तारे दिले तर किती देईल? ‘लोकलचं वेळापत्रक नाही, फ्लॅटचे भाव नाहीत, उपयोग शून्य’.

भाची : आजच्या बदलापुरात राहणाऱ्या किती जणांना हे पुस्तक आहे हे माहीत असेल? लोक तिथे राहायला येतात ते मुंबईच्या नोकरीसाठी, पहाटेची गाडी पकडायला. त्यांतल्या एखादीनं हे वाचून लिहिलं, की चापेकरांनी सांगितलेली आळी अजून आहे, अमुक शेतावर आमची सोसायटी आहे, उल्हासच्या काठी आता असं असं आहे, तर? 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकून पडली होती. नदी कुठवर येते हे त्या रात्री सगळ्यांना कळलं. जुनं गाव कुठे वसलं आणि नवं कुठे, हे कुणीतरी पुस्तक हातात घेऊन फिरून लिहायला नको? मी तर त्याला परीक्षणच म्हणेन.

मामा : त्याला मीही म्हणेन.

(दोघं एकदा तरी जुळले. फार वेळ नाही.)

भाची : आता मी तुम्हाला असा अभिप्राय सांगते, जो कुणी लिहिलाच नाही. आमच्या कार्यालयात फोन आला. सह्याद्रीतल्या एका गडाच्या पायथ्याचा माणूस. आमच्या पुस्तकात त्याचं नाव आणि नंबर छापलेला, ‘जेवणाची व मुक्कामाची सोय होते’ म्हणून. लेखक त्याच्याकडे उतरले होते. त्यानं भाकरी दिली होती, पैसे घेतले नव्हते. लेखकानं कृतज्ञता म्हणून नाव छापलं. आता रात्री बाराला फोन येतात. काका, वीस जण आहोत, चुलीवरचं जेवण मिळेल का? मुक्कामी एसटी चुकली म्हणून लोक थेट पडवीत येऊन झोपतात. त्याची बायको आजारी होती. त्यानं एवढंच विचारलं, पुस्तकातून माझं नाव काढायला किती पैसे लागतील?

मामा : काय सांगितलंस?

भाची : पैसे लागत नाहीत म्हटलं. पण छापलेल्या प्रती लोकांच्या घरात आहेत, त्यांचं मी काय करू? आणि विचार करा, त्या माणसाकडे पुस्तक नव्हतं. आम्ही त्याला प्रत पाठवलीच नव्हती. मासिकाला अभिप्रायार्थ दोन प्रती जातात, ज्याच्या चुलीवर पुस्तक उभं राहिलं त्याला एक जात नाही.

मामा : वाटाड्यांचंही तेच. ‘एका स्थानिक वाटाड्याच्या मदतीने’ एवढंच छापतात. त्याला नाव नसतं. नाव दिलं तर हा ताप, आणि नाही दिलं तर त्यानं दाखवलेली वाट लेखकाच्या नावावर चढते.

भाची : म्हणूनच म्हणते, पुस्तकावर बोलायचा पहिला हक्क त्या गावाचा. ताऱ्यांचं जाऊ दे. पण आमच्याकडे जेवढे अभिप्राय येतात ते सगळे येणाऱ्यांचे. राहणाऱ्यांचा एकही नाही.

इथून बोलणं इर्शाळगडावर गेलं. चौककडून चढणाऱ्या वाटेवर, गडाच्या खांद्यावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. भटक्यांच्या पुस्तकांत ती शेवटची वस्ती, पाणी आणि जेवण मिळण्याची जागा. 2023 च्या जुलैत, 19 तारखेच्या रात्री, तिच्यावर दरड आली.

मामा : जुन्या आवृत्तीत ती वाडी अजून उभी आहे. ‘वाडीत जेवण सांगून पुढे निघावे’. हे वाचून कुणी निघेल, म्हणून ते पान आधी बदल. वाटेच्या पुस्तकानं आज काय आहे तेच सांगायचं.

भाची : बदलायचं म्हणजे वाडी पुसायची?

मामा : वाटेतून, हो. आठवणीचं काम इतिहासाच्या पुस्तकानं करावं.

भाची : आपल्याकडे ती दोन पुस्तकं वेगळी आहेत कुठे? पहिल्या परिच्छेदात एसटीची वेळ, दुसऱ्यात गडावरचा वेढा, तिसऱ्यात पाण्याचं टाकं. वाचकही तसंच वाचतो. तिथे वाडी होती, तिथले लोक जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी देत होते, हे त्याच पानावर राहिलं पाहिजे. आता तिथे काय आहे तेही त्याच पानावर.

मामा : पान वाढेल.

भाची : वाढू दे.

मामा : दोन्ही गोष्टी एका पानावर आल्या की घाईत वाचणारा चुकीची ओळ उचलतो. नकाशात मी जुनी हद्द आणि नवी हद्द एकाच शाईनं कधी काढली नाही.

दोघांनी हा मुद्दा तिथेच सोडला, आणि कुणी माघार घेतली नाही. माझा कल विचाराल तर पानापुरता भाचीकडे आहे आणि शाईपुरता मामाकडे. जुनं आणि नवं एका पानावर असावं, पण कुठलं केव्हाचं हे वर्ष टाकून स्पष्ट दिसावं. वाचकांच्या लिहिण्यालाही मी हीच कसोटी लावतो. ‘टाक्यात पाणी नाही’ हे वाक्य महिना न सांगता लिहिलं तर निरुपयोगी आहे. एप्रिलमध्ये सह्याद्रीतल्या बऱ्याच टाक्यांत ते नसतंच, आणि ऑक्टोबरात तेच टाकं तुडुंब असतं. ‘वाट मोडली आहे’ हे कुठल्या गावाकडून चढताना, ते हवं. ‘इतिहास चुकीचा आहे’ म्हणणाऱ्यानं बरोबर कुठे लिहिलंय ते सांगावं, आणि गावाशी आपलं नातं काय तेही सांगून टाकावं. घराण्याचा माणूस असलात तर तसं लिहा, त्यानं तुमचं म्हणणं हलकं होत नाही. उलट मामासारखा वाचक लगेच रुमाल मागायला येईल.

तारे द्यायचेच असले तर द्या, विक्रेत्याला ते हवे असतात. पण पुस्तक घेऊन निघालात तर आणखी एक करा. पायथ्याच्या गावात चहाला थांबाल तेव्हा त्या गावाचं पान तिथल्या कुणाला तरी वाचून दाखवा, आणि ती व्यक्ती काय म्हणाली ते, तिला विचारून, प्रकाशकाला लिहून पाठवा. नाव छापावं की नाही हेही तिलाच विचारा. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत असतो आणि आवृत्तीचं वर्षही तिथेच असतं. आधी ते वर्ष बघा आणि मग लिहा.